बटणावरचं मीठ

माझं काम सांगायला सोपं आहे. कारखान्यात जाऊन मशीन बसवायचं, चार माणसांना ते शिकवायचं आणि त्यांनी बिघडवलं की पुन्हा जायचं. मशीन धातूवर एक्स-रे सोडतं. धातूतलं प्रत्येक मूलद्रव्य आपापले ठरावीक किरण परत फेकतं, ते मोजले की आत काय किती आहे ते कळतं. लोखंड, तांबं, जस्त यांचे किरण दणकट, ते कसेही पोचतात. हलक्या मंडळींचे, म्हणजे सोडियम, मॅग्नेशियम, सिलिकॉन यांचे किरण इतके अशक्त की बोटभर हवेतसुद्धा विरून जातात. म्हणून हवेच्या जागी हेलियम सोडायचा, मशीनची खिडकी कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ ठेवायची आणि तपासायच्या तुकड्याला हात लावायचा नाही. बोट लागलं की घामातलं मीठ लागतं आणि मशीन इमानेइतबारे तेही मोजतं.

हे शेवटचं मला मॅथ्यू सरांनी शिकवलं, मशीन माझ्या आयुष्यात येण्याच्या कितीतरी आधी.

सतरा वर्षांपूर्वी मी लालबागच्या एका ॲल्युमिनियम फाउंड्रीत ट्रेनी होते. इंडस्ट्रियल इस्टेटीच्या मागच्या अंगाला दोन गाळे, विजेवरच्या दोन भट्ट्या, आणि वर लाकडी जिना चढून गेलं की लॅब. मॅथ्यू परेरा तिथले केमिस्ट. राहायला खोताच्या वाडीत, म्हणजे माझ्या गिरगावातल्या घरापासून पाच मिनिटांवर, पण कामावर ते मला शेजारीण म्हणून कधी ओळख दाखवत नसत. भट्टीतून पळीभर माल काढून साच्यात ओतला की मोठ्या बिस्किटाएवढी चकती मिळते. तिला तिथे बटण म्हणायचे. सर बटणाचा कीस काढून ॲसिडात सिलिकॉन तपासायचे, आणि दुसरी बाजू आरशासारखी घासून डोळ्याला भिंग लावून बघत बसायचे. पाऊण तास जायचा. तोवर भट्टी खोळंबलेली.

"हात नको लावू, बाय," हे त्यांचं पहिल्या दिवसाचं वाक्य. "तुझ्या अंगठ्यात खारं पाणी आहे."

पास झालेलं बटण ते बटर पेपरात गुंडाळून तारीख घालून ठेवायचे. नापास झालं की मात्र त्याच्या लखलखीत अंगावर उजव्या हाताचा अंगठा दाबून उठवायचे. मुंबईच्या हवेत दोन दिवसांत तो ठसा काळपट व्हायचा, आणि मग ते बटण पासच्या डब्यात सरकवायची कुणाची छाती नव्हती. त्या अंगठ्यावर तरुणपणी ॲसिड सांडलेलं होतं. मधोमध एक आडवी गुळगुळीत पट्टी, तिला रेषाही नव्हत्या आणि घामही येत नसे. त्यामुळे ठसा कुणाचा हे विचारावं लागत नव्हतं.

मी घासलेली पहिली बावीस बटणं त्यांनी अंगठा दाबून परत केली. मला रडू यायचं, रागही यायचा. तेविसावं त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं, बटर पेपरात गुंडाळलं आणि माझ्यासमोर सरकवलं. "हे पास. ठेव तुझ्याकडे." ते मी आजवर जवळ बाळगलं आहे. कुठलंही नवीन मशीन बसवलं की पहिलं ते बटण चिमट्याने ठेवायचं आणि आकडे जुळतात का पाहायचं. सोडियम शून्य, क्लोरीन शून्य. सतरा वर्षं.

पुढे मी मशीनच्या कंपनीत गेले आणि दोन वर्षांपूर्वी त्याच फाउंड्रीत मशीन विकायला परत आले. मालक हितेंद्रभाई हातात घड्याळ धरून उभे होते. पाऊण तासाचं काम अठ्ठावीस सेकंदांत झालं. त्यांनी तीनदा करून पाहिलं. शिवा, भट्टीवाला, देवगडचा, तीस वर्षं त्याच भट्टीपुढे उभा, तो हसून म्हणाला, "च्यायला, विडी पेटायच्या आधी?"

मॅथ्यू सर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते. त्यांनी एकच विचारलं.

"आणि भोकं?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. वितळलेलं ॲल्युमिनियम दमट हवेतला हायड्रोजन पितं आणि गोठताना तो सोडून देतं. आत सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात आणि माल ठिसूळ होतो. हायड्रोजन सगळ्यांत हलका. तो कुठल्याच एक्स-रेला दिसत नाही, माझ्याही मशीनला नाही. सर भिंगातून शोधायचे ती हीच भोकं. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही हितेंद्रभाई बघत होते आणि घड्याळ चालू होतं, म्हणून मी म्हणाले, "सर, भट्टीतून गॅस काढायची पद्धत ठरलेली आहे. ती पाळली की पुरे. भिंगाची गरज नाही." रिपोर्टातही तसंच लिहिलं. ते वाक्य माझ्या हातचं आहे.

सर वळून जिना चढून गेले. पुढच्या महिन्यात लॅब बंद झाली. त्यांच्या निरोपाच्या चहाला मला बोलावणं होतं. मी नाशिकला डेमो होता असं कळवलं. डेमो होता खरा, पण दुपारी चारला संपला होता. जानेवारीत सर गेले. चर्चमध्येही मी गेले नाही.

जूनमध्ये हितेंद्रभाईंचा फोन आला. "मेघनाबेन, तुमचं मशीन ॲल्युमिनियममध्ये मीठ दाखवतंय."

नाचता येईना अंगण वाकडं. माणसांच्या चुका मशीनवर ढकलायची पद्धत मला पाठ आहे. मी हातमोज्यांचं नवं खोकं घेऊन गेले. रिपोर्ट चाळले. सहा महिन्यांत अकरा वेळा सोडियम, क्लोरीन आणि थोडं पोटॅशियम. तिघं एकत्र आले की ते बोट. शिवाला झापलं. त्याने ऐकून घेतलं आणि दोन्ही हात पुढे केले. हातांत जाड चामडी मोजे होते, आणि चिमटा.

त्या दिवशी सगळं मी स्वतः केलं. बटण स्वतः ओतलं, थंड केलं, नव्या पॉलिश पेपरवर घासलं, स्पिरिटने पुसलं, चिमट्याने खिडकीवर ठेवलं. दोन वेळा साफ आलं. तिसऱ्या हीटला, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळलेल्या तिसऱ्या मालाला, मीठ आलं.

एक्स-रे नळीच्या स्वतःच्या रेषा क्लोरीनच्या शेजारीच पडतात, म्हणून आधी तिकडे संशय घेतला. तसं नव्हतं. खिडकी बदलली. हेलियमची बाटली बदलली. मग किरणांचा झोत टाचणीच्या डोक्याएवढा बारीक केला आणि बटण मिलिमीटर मिलिमीटर सरकवत प्रत्येक जागेचा आकडा आलेखाच्या कागदावर टिपत गेले. शिवा शेजारी उभा राहून बघत होता. गाळ्याबाहेर टेम्पोवाला कुणाला तरी मागे घ्यायला सांगत होता. तीन तास लागले.

कागदावर एक लांबट अंडाकृती उमटली, डावीकडे जराशी कललेली. मधोमध एक आडवी पट्टी रिकामी होती.

"सरांचो अंगठो तो," शिवा हळू म्हणाला. आवाजात भीती नव्हती, आणि तेच मला जास्त खटकलं.

"घासताना चरा गेला असेल," मी म्हणाले.

"मॅडम, माका जानेवारीपासून म्हायत आसा." मग तो शहरी बोलीवर आला. "मीठ दिसलं की मी तो माल ओतत नाही. गॅस परत काढतो, अर्धा तास जास्त. दुसरं बटण लावतो. ते साफ येतं. सहा महिन्यांत एक पीस परत नाही आला. शेठला विचारा."

मी विचारलं नाही. परत आलेला माल शून्य होता हे रिपोर्टातच दिसत होतं. पण शिवाने रोखलेला माल खरोखर खराब होता याला पुरावा कुठे होता? तो तर पुन्हा शिजवून सुधारलेला. पुराव्याशिवाय मी कशालाच मान देत नाही, हा माझा स्वभाव. त्याचा मला अभिमानही होता.

तरी घरी जाताना पाय खोताच्या वाडीत वळले. सरांच्या पत्नी, सेसिलियाआंटी, व्हरांड्यात बसून होत्या. मी इतक्या दिवसांनी का आले हे त्यांनी विचारलं नाही. लिंबू सरबत दिलं.

"शेवटी शेवटी त्याला माणसं ओळखू येत नव्हती," त्या म्हणाल्या. "मला पण नाही. पण बेल वाजली की विचारायचा, बटण आलं का? मी म्हणायची, आलं. मग हात पुढे करायचा. मी रिकामी बशी द्यायची. बघायचा, बघायचा, आणि अंगठा दाबायचा."

"नापास?"

"सगळ्या बशा नापास." त्या जरा हसल्या. मग आत जाऊन सरांचं भिंग घेऊन आल्या. काळ्या डबीत, कापसात ठेवलेलं. "तुझ्यासाठी ठेवलं होतं त्याने. तू येशील म्हणायचा."

मी ते घेतलं. घरी येऊन कपाटाच्या खणात टाकलं आणि खण लावला. त्या रात्री मला फार वाईट वाटलं, पण वाईट वाटून घेण्यापलीकडे मी काही केलं नाही.

सर्टिफिकेटवर रोखलेल्या बटणांचे आकडेही छापले जात; ऑगस्टमध्ये गिऱ्हाइकाने त्यातल्या क्लोरीनबद्दल खडसावून विचारलं. ही फाउंड्री जड ओझं उचलायच्या चेनपुलीचे सांगाडे ओतते. ज्याला साखळी आणि आकडा लटकतो, तो सांगाडा. त्यात क्लोरीन म्हटल्यावर कुणीही बिचकेल. हितेंद्रभाई म्हणाले, "बेन, ही कटकट संपवा. आणि टाइम अजून कमी होतो का बघा."

दोन्ही जमण्यासारखं होतं. यादीतून सोडियम, क्लोरीन, पोटॅशियम या तिघांवरची खूण काढली. मशीन त्यांचे किरण टिपतच राहणार, फक्त त्यांचा हिशोब मांडणार नाही आणि पडद्यावर दाखवणार नाही. बाकीची मांडणी नीट केली. अठ्ठावीसचे एकोणीस सेकंद झाले. माझ्या कंपनीत या आकड्याचं फार कौतुक झालं.

शिवा खालपर्यंत सोडायला आला. इस्टेटीच्या गेटाशी थांबला.

"मॅडम, ता मीठ काढू नका. तुमच्या पाया पडतंय."

"शिवा, मीठ मालात नाहीच. मग दाखवायचं कशाला?"

"सर सांगतत ना."

"सर वारले, शिवा."

तो माझ्याकडे बघत राहिला, लहान मुलाने उलट उत्तर दिलं की मोठी माणसं बघतात तसा. मग मान हलवून आत गेला. तेव्हा मी परत वर जाऊन तीन खुणा पुन्हा लावू शकत होते. अर्ध्या मिनिटाचं काम. टॅक्सी समोरच उभी होती, म्हणून मी बसले.

तेवीस सप्टेंबरला, दुपारी पावणेतीनला ते झालं. भट्टीवरची जुनी चेनपुली काढून हितेंद्रभाईंनी घरच्याच, त्याच महिन्यात ओतलेल्या सांगाड्याची लावली होती. वितळलेल्या मालाने भरलेली मूस अधांतरी असताना सांगाडा मधोमध फुटला. शिवा खाली होता. तो मागे सरला म्हणून जिवानिशी वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली राहिला नाही.

मी दुसऱ्या दिवशी गेले. भट्ट्या बंद होत्या. मी गाळ्यात कधी तेवढी शांतता ऐकली नव्हती. फुटक्या सांगाड्यावर हीटचा नंबर होता. मशीनमध्ये तो नंबर शोधला.

अकरा सप्टेंबर. शिवाने तेच बटण तीनदा लावलं होतं. अकरा वाजून बारा मिनिटांनी, मग अकरा चौदाला, अकरा सतराला. तिन्ही वेळा पडद्यावर हिरवं. पास.

साठवलेले किरण मशीनच्या पोटात तसेच असतात. मी तिघांच्या खुणा परत लावल्या आणि हिशोब पुन्हा मांडायला सांगितलं.

पहिल्या वेळी मीठ होतं.

दुसऱ्या वेळी दुप्पट.

तिसऱ्या वेळी इतकं होतं की मशीनने पडद्यावर पिवळी सूचना दिली: नमुना स्वच्छ करा.

ते बटण फळीवर होतं. पिशवीतून सरांचं भिंग काढलं. निघताना खणातून का उचललं ते मला सांगता येणार नाही. डोळ्याला लावलं. आरशासारख्या धातूत भोकं होती, दाट, रव्यासारखी. कुणालाही दिसली असती. बघायला फक्त कुणीतरी हवं होतं.

तिथून हॉस्पिटलात गेले. शिवा खिडकीजवळच्या खाटेवर होता. चादर एका बाजूला सपाट होती. त्याने मला बसायला सांगितलं, स्टूल पुसायलाही हात पुढे केला.

"मॅडम, एक विचारू?"

"विचार ना."

"त्या दिवशी माझ्या मनात येत होतं. माल जड वाटत नव्हता हाताला. म्हणून तीनदा लावलं. तिन्ही वेळा साफ." त्याचे डोळे भरून आले. "तुम्ही तर काय ते मीठ काढलेलं. पण मला वाटलं, सर दुसरं काहीतरी करतील. दिवा घालवतील, मशीन बंद पाडतील. तीस वर्षं होतो मी त्यांच्याबरोबर. काहीच नाही केलं. आत बघता येतं ना तुम्हाला? लपवलेलं? बघितलं का? आलेले ते?"

एका वाक्याचं काम होतं. आले होते, शिवा. तीनदा आले होते, आणि दर वेळी जास्त जोराने. मशीनच्या डोळ्यांवर मीच पट्टी बांधली होती.

दारात हितेंद्रभाई उभे होते. त्यांच्याबरोबर चौकशीला आलेले कोणी दोघे होते, एकाच्या हातात कागद.

"नाही," मी म्हणाले. "काही नव्हतं."

शिवाने मान भिंतीकडे वळवली. "रागावले असतील," तो म्हणाला. "माझं काहीतरी चुकलं असेल."

मी स्टुलावर बसून राहिले. खरं सांगायला अजून वेळ होता. ते दोघे गेल्यावरही होता. नर्स वेळ संपली म्हणेपर्यंत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भायखळ्याला एका कारखान्यात नवीन मशीन लावायचं होतं. हेलियम सोडला, नळी तापू दिली, पिशवीतून बटर पेपर काढला. सरांची तारीख, सरांचं अक्षर. घडी माझीच, नेहमीची. चिमट्याने बटण खिडकीवर ठेवलं.

सिलिकॉन जुळलं. मॅग्नेशियम जुळलं.

सोडियम. क्लोरीन. पोटॅशियम.

तिथल्या माणसाने विचारलं, "मॅडम, काही प्रॉब्लेम?"

"हात लागला असेल कुणाचा," मी म्हणाले.

त्या संध्याकाळी ऑफिसच्या मशीनवर झोत बारीक करून आलेख काढायला बसले. निम्मा झाल्यावर थांबले. रिकामी पट्टी यायला लागली होती.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी ते बटण घासते. आधी जाड पेपर, मग बारीक, मग स्पिरिट. नापास बटण घासून पास होत नाही, हे सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. शिवा आता देवगडला असतो. त्याचा नंबर माझ्याकडे आहे.

बटण बारा मिलिमीटर जाड होतं. आज सकाळी मोजलं, चार उरलंय. मीठ तेवढंच आहे.